बेटावर राहिलेला दादा

बॉथेल, ३ मार्च

सौ. वसुधावहिनी यांस,

पन्नास वर्षांत मी तुला कधी वहिनी म्हटलं नाही. आज म्हणते आहे, त्यावरून काय ते ओळख.

तू फोन उचलत नाहीस. मेसेज वाचतेस, निळ्या खुणा मला दिसतात, पण उत्तर देत नाहीस. म्हणून कागदावर लिहिते आहे. निमिष म्हणाला, "आई, इट्स ओके, चिल. ईमेल कर ना." मी त्याला म्हटलं, ईमेल पुसून टाकता येतो. कागद फाडायला निदान हात तरी लागतात.

काल गिरिजाचा फोन आला. तुमच्या कोलंबस गावच्या मराठी मंडळातली गिरिजा, जिला कुठलीही गोष्ट पोटात ठेवता येत नाही, तीच. तिला वाटलं मला सगळं ठाऊक असणार. "शोभनाताई, डॉक्टरसाहेब आता कसे आहेत हो? त्या दिवशी आमच्या तोंडचं पाणीच पळालं." मी विचारलं, कुठल्या दिवशी? त्यावर ती एवढंच म्हणाली, "अगंबाई." त्या अगंबाईनंतर मी तिला सोडलं नाही.

तर माझ्या सख्ख्या भावाला तू परक्या देशात, एका तळ्यातल्या बेटावर विसरून गेलीस. छत्री नव्हे, पाण्याची बाटली नव्हे. नवरा. आणि हे मला गिरिजाकडून कळतं.

मुळात त्या सहलीचंच मला नवल वाटतं. कोस्टा रिकाच्या समुद्रकाठी चांगलं हॉटेल घेतलं होतं, तिथे गप्प बसायचं. पण नाही. पहाटे बसमध्ये कोंबून घ्यायचं, सरहद्द ओलांडून निकाराग्वात जायचं, आणि एका दिवसात स्पॅनिश लोकांनी वसवलेलं ग्रानाडा शहर, तळ्यातली बेटं आणि वर ज्वालामुखी, असं सगळं उरकून रात्री परत यायचं. सत्तरी ओलांडलेली माणसं तुम्ही! थाळीत तीन गोडं वाढली म्हणून तिन्ही खायची असतात का?

आणि तुमचे ते सहलप्रमुख गुरुदत्त. गिरिजा सांगते, ते फक्त बायकांची नावं पुकारतात, आणि बायकोने "आलोय दोघं" म्हटलं की जोडी हजर. पुरुषांना स्वतःचं तोंड नाही का? आयुष्यभर हॉस्पिटलं आणि कंपन्या चालवल्या या माणसांनी, आणि बसमध्ये हजेरी बायको लावणार! दादा मागे बेटावर, आणि तू धक्क्यावर उभी राहून म्हणालीस, "आलोय दोघं." ज्वालामुखीच्या तोंडाशी जाईपर्यंत तुला पत्ता नाही.

वर्गात दुसऱ्याच्या नावाने 'प्रेझेंट' म्हटलं तर सिस्टर बर्नार्ड काय करायच्या, आठवतं ना? गुडघ्यावर बसवायच्या, फरशीवर. तू कधी बसली नाहीस. तेव्हा बसायला हवं होतंस.

मीच तुला आमच्या घरात आणलं. नागपूरच्या त्या उन्हात तुझ्या सायकलची चेन पडली, हात कोपरापर्यंत काळे, आणि रडकुंडीला आलेली तू. दादा अभ्यास करत बसला होता. मी म्हटलं, "दादा, ही माझी मैत्रीण वसुधा. हिला हात धुवायला साबण दे." साबण दिला, आणि मग सगळंच दिलं त्याने. ती ओळख मी करून दिली नसती तर बरं झालं असतं, असं काल पहिल्यांदा मनात आलं.

काय झालं ते सगळं लिही. गोड करून नको.

शोभना


डब्लिन, ओहायो, ११ मार्च

प्रिय शोभना,

तुझं पत्र मिळालं. पाकीट इतकं जाड होतं की शेजारच्या बाईंना वाटलं लग्नपत्रिका आली.

गिरिजाला राईचा पर्वत करायची सवय आहे, हे तूच मला सांगितलंस. झालं ते इतकंच. बेटं फार सुंदर आहेत गं. जवळचाच एक डोंगर, तोही ज्वालामुखीच, कधीकाळी त्याचा कडा कोसळला, आणि जे दगड तळ्यात पडले त्यांची ही शेकडो बेटं झाली. काही इतकी लहान की एक घर, दोन झाडं आणि एक कुत्रा, संपलं बेट. काहींवर श्रीमंतांचे बंगले, आणि लगेच पलीकडे कोळ्यांची पत्र्याची घरं. बगळे तर इतके, की झाड पांढऱ्या फुलांचं वाटावं.

एका बेटावर नारळपाण्यासाठी थांबलो. आमच्या दोन होड्या होत्या. शेखर फोटो काढत मागे राहिला. मला वाटलं तो दुसऱ्या होडीत असेल, त्या होडीतल्यांना वाटलं माझ्याबरोबर. धक्क्यावर घाई, गुरुदत्त आपले "लेट्स गो, लेट्स गो, चला मंडळी" करत ओरडताहेत. मी म्हणून गेले, आलोय. चूक झाली. ज्वालामुखीवर कळल्यावर गाइड मला टॅक्सीने परत घेऊन गेला. शेखर आरामात खुर्चीत बसला होता. तिथल्या बाईंनी त्याला तळलेली केळी खायला घातली होती. आम्ही हसतच परत आलो.

ग्रानाडा शहरही छान. पिवळं मोठं चर्च, रंगवलेली घरं, चौकात घोडागाड्या. ज्वालामुखीत लाव्हा दिसेल असं सांगितलं होतं, नुसता धूर दिसला. गंधकाचा वास इतका की नाकाला ओला रुमाल धरावा लागला.

आमच्या लेकीला, वैदेहीला, यातलं काही सांगू नकोस. ती बॉस्टनमध्ये कामात बुडालेली, तिला उगाच काळजी.

शेखर मजेत आहे. तुला आठवण सांगतो.

तुझी,
वसू


बॉथेल, १९ मार्च

वसुधा,

शाळेतही तुला खोटं बोलता यायचं नाही. खरं बोलताना तू एक वाक्य बोलायचीस आणि खोटं बोलताना बगळे मोजायचीस.

दादा फोटो काढत मागे राहिला? दादाने जन्मात फोटो काढलेला नाही. वैदेहीच्या बारशाला त्याच्या हातात कॅमेरा दिला तर त्याने स्वतःचा अंगठा काढला. बाकीचं तुझं वर्णन पर्यटन खात्याला पाठव, ते छापतील.

आता मी काय केलं ते ऐक. मंगळवारी मी तुमच्या घरच्या फोनवर फोन केला. मोबाइलवर नाही, कारण तो तुझ्याच हातात असतो. गेली दोन वर्षं दादाशी बोलायचं म्हटलं की तू स्पीकर लावतेस आणि मध्येमध्ये तूच बोलतेस. "अरे, शोभना सांगते आहे निमिषच्या नव्या घराबद्दल" वगैरे. जणू तो कुकुलं बाळ.

दादाने फोन उचलला. आणि वसुधा, आम्ही पाऊण तास बोललो! मी म्हटलं मी शोभी, तर म्हणाला, "कळलं की. तुझा आवाज कावळ्यासारखा आहे, लपत नाही." नागपूरच्या आमच्या धंतोलीतल्या घरामागचा पेरू, बाबांची सायकल, मी गणितात नापास झाले तेव्हा त्याने बाबांची सही केली होती ते, सगळं त्याला आठवतं. मलाही इतकं आठवत नाही. माझा भाऊ ठणठणीत आहे.

मग मी विचारलं, वसू कुठे आहे? तो म्हणाला, "इथली बाई ना? ती खाली तळघरात कपडे धुते आहे."

इथली बाई.

मी हसले, वाटलं थट्टा करतोय. तर आवाज खाली करून म्हणाला, "बाई चांगली आहे गं, जेवायला वेळेवर घालते. पण हुकूम फार सोडते. दाराला घंटा लावली आहे तिने. मी बाहेर पाऊल टाकलं की वाजते. शोभी, मला न्यायला ये."

निवृत्त डॉक्टर, ज्याच्यासमोर अर्धं ओहायो नीट शर्ट खोचून उभं राहायचं, त्याच्या दाराला घंटा? गाईला बांधतात ती? पन्नास वर्षं संसार केलेल्या बायकोला तो 'इथली बाई' म्हणतो, म्हणजे तू त्याला किती दुखावलं असशील? बेटावर तो मागे राहिला की ठेवला, हेही आता मी विचारते आहे. हो, विचारते आहे. तोंड फाटकं आहे माझं, तुला नवीन नाही.

निमिषला मी तिकीट काढायला लावलं आहे. दादा एप्रिलमध्ये इथे येईल आणि माझ्याजवळ राहील. खालच्या मजल्यावरची खोली रिकामीच आहे, बाहेर देवदारांची झाडं आहेत आणि दाराला कसलीही घंटा नाही. तू त्याला विमानात बसवून दे, मी इकडे उतरवून घेते.

शोभना


डब्लिन, २४ मार्च

शोभना,

तो येणार नाही. तिकीट रद्द करायला सांग. कारण विचारू नकोस.

वसुधा


बॉथेल, २८ मार्च

वसुधा,

तिकीट रद्द केलं. त्याचं. माझं काढलं.

निमिष आणि सूनबाई शिवांगी दोघंही म्हणतात, आई, यू कान्ट जस्ट टेक हिम. मी म्हटलं, तो काय सूटकेस आहे? तो स्वतः म्हणाला ये, म्हणून मी येते आहे. एकवीस एप्रिलला कोलंबसला उतरेन, टॅक्सी करेन. दार उघडू नकोस हवं तर. मी पाऊल टाकलं की घंटा वाजेलच.

दादाला घेतल्याशिवाय मी परत जाणार नाही.

शोभना


डब्लिन, २ एप्रिल

प्रिय शोभी,

तुला शोभी फक्त शेखर म्हणतो. आज मी म्हणते, कारण हे पत्र त्या नावाबद्दलच आहे.

तू येण्याआधी तुला सगळं कळायला हवं. दारात सांगायची माझ्यात हिंमत नाही.

शेखरची स्मृती जाते आहे. दोन वर्षं झाली, निदान झालं त्याला. पहिल्यांदा पार्किंगमध्ये गाडी सापडेना, मग चहात मीठ, मग घराकडे येणारा रस्ता. मी कोणाला सांगितलं नाही. वैदेहीलाही नाही. त्याने आयुष्यभर लोकांना आजार समजावून सांगितले, त्याच लोकांनी आता त्याच्याकडे मान तिरपी करून बघावं, हे मला सहन होणार नव्हतं.

म्हणून मी त्याच्या वतीने बोलायला लागले. मंडळात कोणी म्हणालं, "डॉक्टरसाहेब, ओळखलंत का?" की त्याच्या आधी मी, "न ओळखायला काय झालं, सौमित्र ना तुम्ही, पलीकडच्या गल्लीतले?" बँकेत मी, रेस्टॉरंटमध्ये मी, तुझ्या फोनवर मी. तो माझ्याकडे बघायचा, मी उत्तर द्यायचे, तो मान डोलवायचा. कोणाला कळलं नाही. तुलाही नाही.

धक्क्यावर गुरुदत्तांनी माझं नाव घेतलं तेव्हा मी खोटं बोलले नाही गं. माझं तोंड आपोआप उघडलं. दोन वर्षं मी दोघांची हजेरी लावते आहे, त्या दिवशीही लावली. बाजूला बघितलंही नाही.

आणि बघितलं का नाही, तेही लिहिते. परतीच्या होडीत मी बगळे बघत होते. हात मोकळे होते. मांडीवर नुसते पडले होते. मला इतकं हलकं वाटत होतं, की ते का वाटतंय हा प्रश्नच मला पडला नाही. ज्वालामुखीच्या कठड्याशी धुराचा लोट आला, मी रुमाल भिजवला आणि सवयीने डावीकडे त्याच्या नाकाशी धरला. तिथे कोणी नव्हतं.

आम्ही हसत परत आलो असं लिहिलं होतं, ते खोटं. टॅक्सीत गाइड सारखा "ट्रँकिला, सेन्योरा", शांत व्हा बाई, म्हणत होता आणि मी पाण्याचा विचार करत होते. शेखरला पोहता येत नाही. पुढे परत होडी. संध्याकाळ व्हायला आली होती.

तो बेटावर होता, ठीक होता. पत्र्याच्या घरासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता आणि त्या घरातल्या म्हातारीची नाडी बघत होता. म्हातारी डोळे मिटून शांत बसली होती. मी धावत गेले, त्याचा खांदा धरला. त्याने माझा हात अगदी सभ्यपणे बाजूला केला आणि म्हणाला, "बाई, जरा बाहेर थांबा. पेशंट आहे."

मी म्हटलं, शेखर, चल, बस थांबली आहे. तो म्हणाला, "मी अनोळखी माणसांबरोबर जात नाही. माझी बहीण येते आहे मला न्यायला."

याआधी तो रस्ते विसरला होता, नावं विसरला होता. मला विसरला नव्हता. मी पुष्कळ सांगितलं. लग्न, वैदेही, घर. अंगठी दाखवली. तो सगळं ऐकून घेत होता, डॉक्टर ऐकतात तसं, आणि गाइडकडे बघत होता, की या बाईंना कोणीतरी सांभाळा. होडीवाला घाई करत होता. शेवटी मी म्हटलं, "शोभीनेच पाठवलंय मला."

तो लगेच उठला.

होडीत त्याने विचारलं, "तुमची आणि शोभीची ओळख कशी?" मी म्हटलं, आम्ही एका वर्गात. तो खूश झाला. म्हणाला, "मग बरोबर. ती मैत्रिणींना घरी आणते." आणि धक्का येईपर्यंत तो मला तुझ्याबद्दल सांगत होता. अंधारात माझं तोंड त्याला दिसलं नाही, ते बरं झालं.

बसमध्ये सगळे घड्याळाकडे बघत होते. सरहद्द बंद होईल म्हणून गिरिजा चिडलेली. तिला काय वाटतं, काय नाही, याचं मला काही वाटेनासं झालं होतं.

आता कधी मी त्याला आठवते, कधी नाही. सकाळी बहुतेक आठवते. मग दुपारपासून मी 'इथली बाई'. घंटा मी लावली, कारण एकदा तो थंडीत पायजम्यावर बाहेर पडला होता, धंतोलीला जायला. तुझा फोन मी उचलत नव्हते, कारण मला तुझा राग येत होता. तुझी काही चूक नाही, हे मला कळतं. पण पन्नास वर्षं मी आणि तो, आणि शेवटी त्याच्याजवळ उरलीस तू. रोज दुपारी मला माझ्याच घरात तुझ्या नावावर राहावं लागतं.

म्हणून त्याला पाठवत नव्हते. तो तुझ्याकडे येऊन सुखी होईल, याचीच मला भीती आहे. तिथे त्याला सकाळीही मी आठवणार नाही.

तू म्हणालीस गुडघ्यावर बसायला हवं होतं. बसले आहे. आता काय करायचं ते सांग.

वसू


बॉथेल, ९ एप्रिल

वसू,

तुझं पत्र मी बाहेर देवदाराखाली उभं राहून वाचलं, कारण घरात शिवांगी होती आणि मला तिच्यासमोर रडायचं नव्हतं. रडले नाही. म्हणजे फार नाही.

आधी रागावून घेते. दोन वर्षं! दोन वर्षं तू दोघांचं आयुष्य एका तोंडाने जगलीस, आणि मी इथे बसून शब्दकोडी सोडवत होते. वैदेही काय परकी आहे? मी काय गिरिजा आहे? दादाची इभ्रत सांभाळायला तू निघालीस, पण त्याला सांभाळणाऱ्या माणसाला कोण सांभाळणार, हा विचार तुझ्या डोक्यात आला नाही. आज रात्री वैदेहीला फोन कर. नाही केलास तर मी करेन, आणि माझी सांगायची पद्धत तुला माहीत आहे.

आणि हे शेवटी मी त्याच्याजवळ उरले वगैरे लिहायचं बंद कर. काय उरले आहे मी? फ्रॉक घातलेली, गणितात नापास झालेली मुलगी. त्याला ती आठवते, मी नाही. मी दारात उभी राहिले की ही पांढऱ्या केसांची म्हातारी कोण, असं तो मलाही विचारेल बघ. फोनवर कावळ्याचा आवाज होता म्हणून निभावलं.

घंटा राहू दे. घंटेबद्दल मी जे लिहिलं ते मागे घेते. बाकीचं काही मागे घेत नाही, सायकलचं सोडून. ते लिहायला नको होतं.

तिकीट बदललेलं नाही, एकवीसलाच येते. पण न्यायला येत नाही. राहायला येते. निमिषला सांगितलं, परतीचं तिकीट नको. तो म्हणाला, "पण आई, किती दिवस?" मी म्हटलं, ते तुझ्या मामाला विचार.

आता नीट ऐक. मी टॅक्सीतून उतरले की आधी मोठ्याने बोलायला सुरुवात करेन, म्हणजे त्याला आवाज कळेल. तू आत राहू नकोस. तुमच्या मागच्या बागेत तोवर ओली माती झाली असेल. दोन्ही हात त्यात घाल, कोपरापर्यंत, आणि तशीच येऊन माझ्या शेजारी उभी राहा. काही सांगू नकोस, अंगठी दाखवू नकोस. लग्नाचं तर नावच काढू नकोस. बाकी माझ्यावर सोड.

मी म्हणेन, "दादा, ही माझी मैत्रीण वसुधा. हिला हात धुवायला साबण दे."

दुसऱ्या दिवशी परत म्हणावं लागलं तर परत म्हणेन. माती पुष्कळ आहे ओहायोत.

तुझी,
शोभी